समुद्र सोडून बोला

तिरुवैयारूला समुद्र नाही. ही गोष्ट मी फोनवर पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो, कारण नंतर सांगितली तर लोक पेट्रोलचे पैसे मागतात. पुण्या-ठाण्याकडच्या गिऱ्हाइकाच्या डोक्यात तमिळनाडूचा नकाशा फार सुटसुटीत असतो : वर चेन्नई, खाली कन्याकुमारी, मध्ये इडली आणि उजवीकडे सगळा समुद्र. त्यामुळे ‘बीच टच काही आहे का हो?’ हा प्रश्न हमखास येतो.

‘बीच नाही, पण नदी आहे,’ मी म्हणतो.

‘एकच?’

‘पाच.’

पलीकडे जरा वेळ आवाज येत नाही. पाच नद्या एकदम द्यायला निघालेल्या दलालाचा संशय कुणालाही येईल. पण त्या आहेत. तंजावरहून आमच्या गावाला यायला जेमतेम तेरा किलोमीटर, आणि तेवढ्यात वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि कावेरी अशा पाच पाण्यांवरचे पूल ओलांडावे लागतात. देवळातला महादेवसुद्धा ऐयारप्पर, पाच नद्यांचा धनी. बाहेरगावचं गिऱ्हाईक पहिल्या पुलावर फोटो काढतं, दुसऱ्यावर खिडकी खाली करतं, तिसऱ्यावर ‘हीच का ती?’ असं विचारतं आणि चौथ्यावर झोपतं. खरी कावेरी येते तेव्हा त्याला हलवून उठवावं लागतं.

मी जमिनींचा दलाल. पाटीवर ‘रिअल इस्टेट कन्सल्टंट’ असं लिहिलंय, पण गावात मला ‘ब्रोकर रायर’ म्हणतात. रायर म्हणजे आम्ही. एकोजीराजे भोसल्यांच्या मागोमाग इकडे आलेल्यांची पिलावळ. घरात मराठी, बाजारात तमिळ आणि भांडणात दोन्ही. आमचे पूर्वज नेमके काय घेऊन आले, याबद्दल घराण्यात दोन मतं आहेत. काकांच्या मते तलवार, आईच्या मते दौत. माझा धंदा बघता आईचं खरं असावं.

पण दलाल म्हणून मला कोणी हिणवलं तर मी इतिहास काढतो. या किनाऱ्यावरची दलाली हा तंजावरचा राजमान्य धंदा आहे. आमच्या आधीचे रघुनाथ नायक, त्यांनी १६२० साली डेन्मार्कच्या लोकांना तरंगंबाडी भाड्याने दिली आणि करार सोन्याच्या पत्र्यावर करून दिला. तो पत्रा आजही डेन्मार्कात जपून ठेवलेला आहे. पुढे भोसले आले. एकोजीराजांनी १६७६ साली डचांना नागपट्टिनमचा करार करून दिला, तो चांदीच्या पत्र्यावर. नायक गेले आणि मराठे आले, एवढं सांगायला दुसरा पुरावा नको. सोन्याची चांदी केली की नाही पहिल्या झटक्यात?

कारैक्कालचा व्यवहार तर आमच्या धंद्यात शिकवावा असा. १७३८ साली गादी गमावलेल्या आमच्या एका राजाने पाँडिचेरीच्या फ्रेंचांना सांगितलं की, ४०,००० चक्रम द्या, कारैक्काल तुमचं. स्वतःच्या ताब्यात नसलेली जागा विकणं हे धाडस आजही फार थोड्यांकडे असतं. पुढे गादी परत मिळाली आणि राजेसाहेबांची खरेदीखत करून देण्याची घाई एकदम संपली. विकणाऱ्याचे दिवस पालटले की त्याला जमिनीची माया येते, हे मी रोज बघतो. अखेर फ्रेंचांनी अर्काटच्या नवाबाचा जावई चंदासाहेब याच्या मदतीने जागेचा ताबा घेतला, फेब्रुवारी १७३९ मध्ये. आता अशा मदतनिसाला आम्ही काय म्हणतो ते इथे लिहीत नाही. सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसबाहेर त्यांतले दोघे-तिघे नेहमी उभे असतात.

मग १७४९ मध्ये देवीकोट्टै इंग्रजांकडे गेलं. १७७३ साली तुळजाजीराजांनी नागूर डचांना विकलं, तो व्यवहारही टिकला नाही. असे तुकडे पडत पडत अख्खा किनारा गेला. त्या काळचा नकाशा समोर धरला की दिसतं : राजाकडे भातशेती आणि फिरंग्यांकडे सगळं सी-फेसिंग. शेवटी डेन लोकांनीही १८४५ साली तरंगंबाडी इंग्रजांना विकून टाकली, बंगालमधल्या श्रीरामपुरासकट साडेबारा लाख रुपयांना. दोन टक्क्यांनी पंचवीस हजार होतात. कुणी घेतले कोण जाणे.

गंमत अशी की एवढा किनारा हातात होता तेव्हाही आमचे राजे तिथे कायमचे राहायला गेले नाहीत. वाडा तंजावरात, आणि नदीकाठी यायचं तर आमच्या तिरुवैयारूत. कावेरीकाठचा कल्याण महाल अजून उभा आहे. समुद्रावर त्यांनी बांधला तो मनोरा, मल्लिपट्टिनमजवळ. सरफोजीराजांनी १८१४-१५ च्या सुमाराला, इंग्रजांनी नेपोलियनला हरवलं त्याची आठवण म्हणून आठ मजली, षट्कोनी बुरूज उभा केला. युरोपात नेपोलियन पडला आणि बंगालच्या उपसागरावर आमच्या राजांनी इमारत चढवली. तंजावर भागातला पहिला सी-व्ह्यू टॉवर तो हाच. प्रत्येक मजल्यावरून समुद्र दिसतो आणि कायमचं राहायला कुणी गेलं नाही. मी तिथे गिऱ्हाइकांना नेतो तेव्हा या दुसऱ्या गोष्टीवर फार रेंगाळत नाही.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र भोसल्यांना तोड नाही. बृहदीश्वराच्या देवळात १८०३ साली सरफोजीराजांनी घराण्याचा सगळा इतिहास मराठीत कोरून घेतला. देऊळ चोळांचं, इतिहास भोसल्यांचा. मूळपत्रं कशी असावीत, असं कोणी विचारलं तर मी तिकडे बोट दाखवतो : अशी, भिंतभर, आणि ती भिंतही दुसऱ्याची.

हल्लीचे कागद त्या मानाने रुक्ष. इथला हिशेब सेंटमध्ये चालतो, शंभर सेंटांचा एक एकर. मराठी माणूस गुंठ्यात विचार करतो, म्हणून मी आधीच सांगून ठेवतो की आपला एक गुंठा म्हणजे अडीच सेंट. शहरात ग्राउंड, ते २४०० चौरस फुटांचं. जुने शेतकरी अजून मा आणि वेलीत बोलतात, आणि त्यांच्याशी घासाघीस करताना कॅल्क्युलेटर काढला की त्यांचा विश्वास उडतो. मग जमिनीचे उतारे : पट्टा, चिट्टा, अडंगल. ही तिन्ही नावं एका दमात ऐकून पुण्याच्या एका काकूंनी विचारलं होतं, यांतलं तिखट कुठलं? तिन्ही, काकू.

आता नदी. तिरुवैयारूत नदीकाठची जागा विकायला पंचांग लागतं, पण ते भटजींचं नव्हे, मेट्टूर धरणाचं. धरण बांधून झालं १९३४ साली. तिथून भातासाठी पाणी सोडायची ठरलेली तारीख १२ जून आणि बंद करायची २८ जानेवारी. ठरलेली म्हणजे पाऊस, कर्नाटक आणि सुप्रीम कोर्ट या तिघांचं जमलं तर. तमिळ आडि महिन्यात कुणी घर-जागेचा विषय काढत नाही, पण त्याच महिन्याच्या अठराव्या दिवशी, आडिपेरुक्कुला, बायका नटूनथटून चित्रान्नाचे डबे घेऊन पुष्यमंडपाच्या पायऱ्यांवर येतात, कावेरीला हळदकुंकू वाहतात. त्या दिवशी मी नव्या गिऱ्हाइकाला घाटावर उभं करतो आणि एक शब्दही बोलत नाही. पाणी स्वतःच बोलतं, दलाली मला मिळते.

दुसरा हंगाम जानेवारीचा. पौष वद्य पंचमीला संत-संगीतकार त्यागराजांची आराधना असते. जगभरचे गाणारे-वाजवणारे समाधीपुढे बसून एका सुरात पंचरत्न कृती गातात. त्या आठवड्यात आमच्या गावात गोठ्यालासुद्धा ‘हेरिटेज स्टे’ म्हणतात. माझ्या ओळखीच्या एका मामींनी आपली माजघराची खोली अमेरिकेहून आलेल्या कुटुंबाला दिली आणि स्वतः आठवडाभर बहिणीकडे राहिल्या. परत आल्यावर म्हणाल्या, ‘आराधना वर्षातून दोनदा करता नाही का येणार, रायर?’

त्यागराज स्वतः मात्र माझं गिऱ्हाईक कधीच झाले नसते. तंजावरच्या दरबाराने बोलावलं, धनदौलत देऊ केली, ते गेले नाहीत, असं सगळेच सांगतात. बहुतेक आयुष्य तिरुमंजन वीधीतल्या घरातच राहिले. तेही, म्हणतात, भावाबरोबर वाटणी झालेलं. त्या भावाने रागाच्या भरात रामाच्या मूर्ती कावेरीत टाकून दिल्या ही गोष्ट ऐकताना लोक डोळे पुसतात. मला वाईट वाटतं, नाही असं नाही. पण वाटण्यांच्या प्रकरणांत मी नदीत बरंच काही जाताना पाहिलंय : मोजणीचे दगड, तारेचं कुंपण, एकदा एक मेव्हणा.

या गावात नदीकाठच्या जमिनीचं खरं सोनं केलं ते बेंगळूरु नागरत्नम्मा या बाईंनी. पडीक झालेली समाधी त्यांनी १९२० च्या दशकात स्वतःच्या कमाईतून बांधून काढली, देऊळ उभं केलं. त्या काळी तिथे बायकांना गाऊ देत नव्हते. ज्या जागेचा खर्च आपण केला तिथे आपल्याला गाता येत नाही, हे काही त्यांनी ऐकून घेतलं नाही. बायकांचं गाणं घडवून आणलंच. आता त्यांचीही समाधी तिथेच आहे, त्यागराजांच्या समोर. एवढी चांगली जागा या गावात मी अजून कुणाला मिळवून दिलेली नाही.

तर आराधनेला आलेलं गिऱ्हाईक भरलेली नदी बघतं, डोळे मिटून नाटै राग ऐकतं आणि समाधीच्या आवारातच मला विचारतं, ‘इथे सेंटचा दर काय?’ मार्चमध्ये नोंदणी होते. मे महिन्यात ते बायकामुलांना नदी दाखवायला आणतं. समोर नुसती वाळू, तिच्यात दोन म्हशी आणि क्रिकेट.

‘नदी कुठाय?’

‘रजेवर,’ मी सांगतो.

ही रजा एकट्या कावेरीची नाही. पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते, माशांच्या विणीसाठी. कावेरी १२ जूनपर्यंत बंद, समुद्र १४ जूनपर्यंत बंद. उन्हाळ्यात आमच्या मुलखातलं सगळं पाणी सरकारी सुट्टीवर जातं. त्या दिवसांत मी आंबे विकतो.

आणि नदी समुद्रापर्यंत पोचते तेव्हा तिची काय अवस्था असते ते पूम्पुहारला जाऊन बघावं. वर, करिकाल चोळाच्या कल्लणै बंधाऱ्यापाशी, वाटण्या होतात. काही पाणी कोळ्ळिडम घेतो, काही वेण्णारु, काही कालवे. पुढे गावोगावचे पाट. प्रत्येक जण आपले टक्के कापून घेतो. शेवटी बंगालच्या उपसागराला भेटायला जी कावेरी जाते ती आपल्याकडच्या ओढ्याएवढी असते. मूळ रकमेतलं मालकाच्या हातात शेवटी किती उरतं, हे जमीन विकणाऱ्या शेतकऱ्याला समजावून सांगायचं असलं की मी त्याला तिथे नेतो. त्याला पटतं. माझ्यावर चिडतोही.

एका आराधनेला पुण्याचे असेच एक काका-काकू आले. काका बँकेतून निवृत्त, काकू गाणाऱ्या. काकूंना गाव आवडलं, विशेषतः मुगाच्या डाळीचा अशोका हलवा. काकांच्या मोबाइलमध्ये मात्र होकायंत्र होतं.

‘राव, पाणी ईशान्येला पाहिजे.’

‘साहेब, गाव कावेरीच्या उत्तर काठावर आहे. इथे पाणी दक्षिणेलाच.’

‘मग पलीकडच्या काठावर दाखवा.’

दाखवलं. तिथे कावेरी बरोबर उत्तरेला आली. काका खूश झाले, होकायंत्र हातात धरून गोल फिरले आणि थांबले. ‘हे मागे काय?’ मागे कुडमुरुट्टी होती. पाच नद्यांच्या गावात पाणी एकाच दिशेला मागणाऱ्याने काय करावं? काका म्हणाले, समुद्र बघू. समुद्र निदान एका बाजूला असतो. आणि चोळमंडलाचा समुद्र पूर्वेला, म्हणजे शास्त्रातही बसतो.

कुंभकोणम, मयिलाडुतुरै करत तरंगंबाडी गाठली. डॅन्सबोर्गचा किल्ला बघून काका हरखले. १६२० पासून उभा! मी गिऱ्हाइकांना इथे उभं करतो ते नेहमी किल्ल्याकडे तोंड करून, म्हणजे मासिलामणिनाथाच्या देवळाकडे पाठ राहते. पण काकू देवदर्शनाशिवाय हलणाऱ्यांतल्या नव्हत्या. देऊळ १३०६ सालचं, पांड्य राजाने बांधलेलं. काकूंनी प्रदक्षिणा घालायचा प्रयत्न केला.

‘अहो राव, याचा पुढचा भाग कुठाय?’

मी समुद्राकडे हात केला. काका बराच वेळ त्या दिशेला बघत होते. होकायंत्र त्यांनी खिशात ठेवलं.

समुद्राच्या जागेचा बोजा कुठल्याच दाखल्यावर येत नाही. नोंदणी खात्याकडून विल्लंगमचा दाखला काढला तर बँकेचं कर्ज दिसतं, भावाशी झालेली वाटणी दिसते, लाट दिसत नाही. म्हणून सरकारने १९९१ पासून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत नियम घातले. खेड्यापाड्यांत पहिल्या २०० मीटरांत नवीन बांधकाम बहुतेक ठिकाणी नाहीच. गिऱ्हाइकाला नेमके तेच २०० मीटर हवे असतात. त्याच्या मागची जागा घ्या म्हटलं की ‘मग समुद्र कसा दिसणार?’ दिसणार नाही साहेब, पण फाटकाला गंज त्याच वेगाने चढेल. त्या बाबतीत खारा वारा सर्वांना समान वागवतो. एअर कंडिशनर, सायकल, कुलूप, देवघरातली घंटा, काही सोडत नाही.

किल्ल्यापासून थोडं पुढे मच्छीमारांची वस्ती. इथे माझा धंदा चालत नाही. एक तर जागा एकट्यादुकट्याने विकायची नसते, सगळं गावकीच्या पंचांत ठरतं. आणि दुसरं, २६ डिसेंबर २००४. त्सुनामीत तेव्हाच्या नागपट्टिनम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसं गेली. त्यावर मी विनोद करत नाही, कुणी केला तर उठून जातो. त्यानंतर सरकारने किनाऱ्यालगतच्यांना सांगितलं, जुनी जागा सोडा, २०० मीटरांच्या पलीकडे नवं पक्कं घर देतो. पुष्कळ जण गेले. पुष्कळांचे पाय निघेनात. दुकानदार गल्ल्याकडे बघतो तसं या लोकांना समुद्राकडे बघावं लागतं : वारा कुठून आला, पाण्याचा रंग काय झाला, शेजाऱ्याची होडी परतली का. आमच्या गिऱ्हाइकाला बाल्कनीतून बघायचा असतो तोच हा समुद्र, पण बघून झाल्यावर त्यांना त्यात जायचं असतं.

एका घरासमोर प्लॅस्टिकच्या रंगीबेरंगी घागरींची लांबलचक रांग लागली होती. नळ यायचा होता. सावलीत एक म्हाताऱ्या अम्मा सुकट पसरत बसल्या होत्या. काकांना वाटलं, खऱ्या किनारवासी माणसाशी बोलावं. मी दुभाष्या झालो. त्याचे पैसे मी वेगळे घेत नाही.

‘यांना विचारा, रोज उठून समुद्र बघायला किती छान वाटत असेल!’

मी विचारलं. अम्मांनी आधी काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘रायर, यांना इथे घर हवंय?’

‘हो अम्मा. समुद्र दिसेल असं.’

‘यांच्या गावाला पाणी नाही का?’

काकांना हे थोडं लागलं. म्हणाले, सांगा त्यांना, पुण्याला धरणं आहेत, चार. मी सांगितलं. पण काकू प्रामाणिक. म्हणाल्या, धरणं आहेत, पण आमच्या नव्या सोसायटीत नळाचं पाणी पुरत नाही, रोज टँकर येतो. तेही मी सांगितलं.

अम्मांचा हात सुकटीवर थांबला. ‘टँकर कुठपर्यंत येतो?’

‘थेट सोसायटीच्या टाकीपर्यंत,’ काकू म्हणाल्या. ‘वर घरात नळाला पाणी.’

‘गोडं?’

‘गोडं.’

अम्मांनी घागरींच्या रांगेकडे नजर टाकली. मग आत हाक मारून सुनेला बाहेर बोलावलं, तिला काहीतरी भराभर सांगितलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘यांना विचारा रायर, ते घर विकायचंय का?’

काका हसायला लागले. मी डायरी उघडून विचारलं, ‘साहेब, कार्पेट किती?’